एक रुपयाचा चारा

आमच्या लेखापाल साहेबांना गावात कुणी नमस्कार करत नसे. माणूस वाईट होता म्हणून नव्हे. नमस्कार केला की ते थांबायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे आणि विचारायचे, "घरपट्टी भरली का?" आवाजात राग नसायचा. आपण "जेवलात का" विचारतो ना, तितक्याच आपुलकीनं ते घरपट्टीचं विचारायचे. पण बसस्टँडवर, चार माणसांत, सोबत नवा जावई उभा असताना कुणी असं विचारलं तर कुणाला आवडेल? मग लोकांनी सोपा उपाय काढला. साहेब समोरून येताना दिसले की रस्त्याची बाजू बदलायची. पानटपरीवरचा घोळका एकदम मोबाईलमध्ये डोकं घालायचा. साहेबांच्या ते लक्षात येत नसेल असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं नव्हतं. एकदा मला म्हणाले, "ताई, मी रस्त्यानं निघालो की रस्ता लय मोकळा मिळतंय बगा. रुंदीकरनाची गरजच न्हाई."

गावाचं नाव मी सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एका अंगाला पाथरीकडं जाणारी एसटी, दुसऱ्या अंगाला बोरीकडच्या जीपा, एवढं पुरे. नाव घेतलं तर तिथले लोक म्हणतील, बाईनं आमच्या नगरपालिकेची अब्रू चव्हाट्यावर आणली. खरं तर ती तेव्हा चव्हाट्यावरच होती. बिल थकलं म्हणून रस्त्यावरच्या दिव्यांची लाईन कापली होती, आणि सगळा गाव नगरपालिकेच्या नावानं शिव्या देत अंधारात ठेचकाळत होता.

मी तिथं लेखा विभागात नवीन लिपिक म्हणून लागले. पहिल्या दिवशी साहेबांनी मला समोर बसवलं, स्वतःच्या डोक्यावरचा पंखा बंद करून माझ्या डोक्यावरचा लावला (दोन्ही एकदम लावायचे नाहीत, हा त्यांचा नियम) आणि म्हणाले, "हितं दोनच गोष्टी शिका. मागायला लाजायचं न्हाई आन् द्यायला घाई करायची न्हाई." या दोन गोष्टींवर त्यांनी कितीतरी वर्षं ती नगरपालिका ओढत आणली होती. गुत्तेदार, म्हणजे कामांचे कंत्राटदार, बिलासाठी यायचे, साहेब त्यांना चहा पाजायचे, स्वतःच्या खिशातून, आणि बिल तेवढं ठेवून घ्यायचे. गुत्तेदार चहा पिऊन निघून जायचे. बाहेर गेल्यावर ते काय बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लग्नांना मात्र त्यांना हौसेनं जायचं असे. इस्त्रीचा शर्ट, खिशात आहेराचं पाकीट. पण अक्षता पडायच्या आधी त्यांची मान वर जायची. मांडवातली रोषणाई कुठून घेतली आहे, वायर कोणत्या खांबाला गेली आहे, हे ते बघत राहायचे. चोरून टाकलेला आकडा दिसला की वधूपित्याजवळ जाऊन हळूच म्हणायचे, "ही लाईट आपल्या खांबावरनं दिसायलीय." वधूपिता आधीच घामाघूम, त्यात हे. पुढं पुढं पत्रिका त्यांच्या नावानं येईनाशी झाली. "सर्व कर्मचारी वृंद, नगरपालिका" अशी यायची. साहेब ती दोन्ही बाजूंनी वाचायचे, आणि शिपायाला म्हणायचे, "भिंतीला लाव." जायचे नाहीत.

ते राहायचे एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. चांगल्या वस्तीत, शांत ठिकाणी खोली सहज मिळाली असती. मी एकदा विचारलं की त्या घरघरीत झोप कशी लागते? म्हणाले, "आवाज बंद झाला की झोप मोडती. खाली गिरनी चालू असली की घरात कुनीतरी कामात हाय असं वाटतंय." वीज गेली की ते खोलीत बसत नसत. खाली येऊन गिरणीच्या ओट्यावर, दळणाचे डबे घेऊन थांबलेल्या बायकांच्या एका कडेला, उगाच उभे राहत. मी स्वतः त्या गावात एकटीच राहत होते, म्हणून मला ते उभं राहणं चांगलं ओळखता येई.

आता अंदाजपत्रक. ज्यांनी नगरपालिकेचं अंदाजपत्रक कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ते तुटीचं चालत नाही. शिलकीच लागतं. घरात दाणा नसला तरी कणगी भरलेली दाखवायची, असा तो प्रकार आहे. मग वसुली होणार नाही हे माहीत असून घरपट्टी शंभर टक्के धरायची, नळ कोरडे असून पाणीपट्टी वाढवायची, आणि आठवडी बाजारात जणू मुंबईहून गिऱ्हाईक येणार आहे अशी बाजार फी लावायची. साहेब म्हणायचे, "बजेट म्हंजे लग्नपत्रिका हाय. नावं सगळ्यांची आली पायजेत. जेवायला कोन येतंय ते मागून बघू." हे म्हणायचे आणि तरी एकेका आकड्यापाशी थांबून राहायचे. खोटी शिल्लक लिहिताना त्यांना खरोखर वाईट वाटायचं. मला ते वेडेपणाचं वाटायचं, अजूनही थोडं वाटतं.

त्यात सदस्यांची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि मुख्याधिकारी साहेबच प्रशासक झाले. म्हणजे अंदाजपत्रक मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. सही केली की झालं. पण आमच्या साहेबांना ते पटेना. "सभेत वाचल्याबिगर बजेट व्हतंय का?" मुख्याधिकारी वयानं लहान, स्वभावानं बरे. म्हणाले, "काका, वाचा." मग सभागृह उघडलं, शिपायानं धूळ झटकली. रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहून साहेबांनी जमेची बाजू वाचली, खर्चाची वाचली. ऐकायला मुख्याधिकारी, मी आणि शिपाई. वाचून झाल्यावर त्यांनी खुर्च्यांकडं बघून विचारलं, "कुनाला काई बोलायचंय का?" आणि खरंच थांबले. शिपायाला हसू आवरेना. पूर्वी याच खुर्च्यांवरून सदस्य त्यांच्यावर कागद भिरकावत असत, टेबलं वाजवत असत. साहेबांना तेही चाललं असतं असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

गावात एकच जागा अशी होती जिथं लोक साहेबांना बघून खूश होत. कोंडवाडा. कार्यालयाच्या मागं, दगडी भिंतीचा, मधे कडुनिंब. बाजारात मोकाट फिरणारी, कुणाच्या पिकात घुसलेली जनावरं नगरपालिका तिथं आणून कोंडायची, मालकानं दंड भरून सोडवून न्यायची. हे काम खरं तर लेखापालाचं नव्हे. पण कोंडवाडा फी ही जमेची बाजू, तेव्हा साहेबांनी ते स्वतःकडं ओढून घेतलं होतं. संध्याकाळी कार्यालय सुटलं की ते घरी जायच्या ऐवजी तिकडं जायचे.

जनावर सोडायची त्यांची पद्धत सगळ्या तालुक्यात माहीत होती. कागद, साक्षीदार काही नाही. मालकानं फाटकाबाहेर उभं राहून हाक मारायची. जनावरानं मान वर केली तर ते त्याचं. एकदा पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस आला आणि कोंडलेल्या चार शेळ्या आपल्याच आहेत म्हणून बसला. खिशात बिस्किटांचा पुडाही आणला होता. साहेब म्हणाले, "पुडा खाली ठिवा आन् बोलवा." त्यानं "ये, ये, ये" असा सूर लावला. शेळ्या रवंथ करत बसून राहिल्या. तेवढ्यात वालूरकडची, शेरडं राखणारी एक बाई रस्त्यावरूनच कुणाशी तरी भांडत येत होती. हाक मारलीच नाही तिनं. नुसता तिचा आवाज ऐकून चारही शेळ्या फाटकाला भिडल्या. साहेब असे हसले की चष्मा पडला. पांढरे कपडे तोवर पसार झाले होते.

बाई म्हणाली, "सायेब, दंड किती?"

"दंड हाय तेवढाच हाय," साहेब म्हणाले. "पर तुमी लय भांडता बगा. चांगलं हाय. जनावराला वळख ऱ्हाती."

त्यांनी तिच्याकडून दंड पुरेपूर घेतला. तिनं जाताना त्यांना तिथंच वाटीभर दूध काढून दिलं, आणि ते त्यांनी उभ्यानं प्यायलं.

मग दिवस बदलले. गावोगाव ट्रॅक्टर झाले. म्हातारा बैल पोसवेना आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळेना. मग लोक तो आणून गावाच्या कडेला सोडून द्यायचे आणि मागं न बघता निघून जायचे. नगरपालिका त्याला कोंडवाड्यात आणायची, आणि सोडवायला कुणी यायचंच नाही. शेळी न्यायला मालक धावत येतो, म्हशीला न्यायला दोन दोन मालक येतात, म्हाताऱ्या बैलाला कुणी येत नाही. जमेची बाजू होती ती खर्चाची झाली. कडबा आणा, पाणी आणा. साहेब रोज संध्याकाळी बाजारातून पेंढ्या घेऊन यायचे.

त्यातला एक पांढरा बैल, मागचा पाय ओढत चालायचा. साहेब त्याच्याजवळ बसायचे. मी म्हटलं, याला काही नाव ठेवा. तर म्हणाले, "नाव असंल की त्याला. आपल्याला म्हाईत न्हाई एवढंच." आणि त्यांनी ते नाव शोधायला घेतलं. रोज संध्याकाळी वेगवेगळ्या नावांनी हाका मारायचे. "सर्ज्या. राजा. ढवळ्या. हिऱ्या." मधे थांबायचे, बैलाच्या कानांकडं बघायचे. बैल कडबा खात राहायचा. "न्हाई," म्हणायचे. "उद्या बगू." या खेळात त्यांची संध्याकाळ निघून जायची. इतकी शहाणी माणसं भोवती असताना एका माणसाला संध्याकाळ घालवायला अनोळखी बैल लागावा, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण मीही कधी त्यांना माझ्याकडं जेवायला या म्हटलं असतं तर ते आले नसते. नगरपालिकेच्या माणसानं कुणाच्या घरी जेवू नये, हा आणखी एक नियम.

त्या वर्षी अनुदान अडकलं. रस्ते झाडणाऱ्या रोजंदारीच्या बायकांचे पगार महिनोनमहिने झाले नव्हते. त्यांची मुकादम रोज सकाळी खराटा घेऊन आमच्या दारात बसायची. भांडायची नाही, नुसती बसायची. मुख्याधिकाऱ्यांनी साहेबांना बोलावलं. मी फाईल घेऊन तिथंच उभी होते.

"काका, कोंडवाड्याची जागा बाजारपेठेला लागून आहे. गाळे काढले तर अनामत रक्कम लगेच येईल. पगार होतील, बजेटही बसेल."

"बसंल," साहेब म्हणाले.

"मग प्रस्ताव तयार करा."

साहेब खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले. "जनावरं?"

"एक गोशाळा घ्यायला तयार आहे. जनावरांची व्यवस्था होईल."

"व्हय," साहेब म्हणाले. "जनावरांची व्हईल."

त्या खोलीत ते मला एकटीलाच ऐकू आलं असावं. त्यांनी प्रस्ताव त्याच दिवशी लिहून दिला. मला लिहायला सांगितलं नाही. आकडे चोख, भाषा चोख, कोंडवाड्यापासून उत्पन्न नाही, जागा पडून आहे, असं सगळं. ते खोटं नव्हतं. पण तो कागद लिहिताना त्यांच्या हातून काय जात होतं ते कुठल्या रकान्यात बसणार होतं?

पगार झाले. मुकादम पेढे घेऊन आली. "सायेब, तुमच्यामुळं पोराची फी भरली." साहेबांनी अर्धा पेढा घेतला आणि विचारलं, "घरपट्टी?" ती हसून लोटपोट झाली. "भरते की सायेब, श्वास तर घेऊ द्या."

गोशाळेचा टेम्पो आला, जनावरं चढली. पांढऱ्या बैलाला तो पाय घेऊन फळीवर चढता येईना. चार जणांनी रेटा दिला, तो खाली बसला. ड्रायव्हरची घाई चालली होती. साहेब म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तात्पुरता माझ्याकडं ठिवतो, पुढच्या खेपंला पाठवू." पुढची खेप आलीच नाही, आणि साहेबांनी कुणाला आठवणही करून दिली नाही. बैल गिरणीच्या मागच्या मोकळ्या जागेत बांधला गेला. गिरणीवाली मावशी मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, तुमचं सायेब येडं हाय का वं? रोज नव्या नावानं हाका मारायलंय बैलाला. मी म्हनलं, एक धरा आन् सोडा. तर म्हनतंय, मावशे, दुसऱ्याचं नाव पुसून आपलं ठिवायचं नसतंय." भाडं मात्र तिनं वाढवलं नाही.

मुलाचा फोन यायचा, पुण्याला या म्हणून. साहेब कार्यालयातूनच बोलायचे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचे, "जनावर हाय घरी. मुक्कामाला येता येत न्हाई." आपल्याकडं हे वाक्य घरोघरची माणसं बोलत आली आहेत. साहेबांना ते आयुष्यात पहिल्यांदा बोलायला मिळालं होतं. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उजळलेला असायचा.

पुढचं अंदाजपत्रक हे त्यांचं शेवटचं. पुन्हा सभागृह, पुन्हा रिकाम्या खुर्च्या. कोंडवाड्याच्या जागी तोवर गाळ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. साहेब वाचत होते. वीज, पाणी, पगार, मग त्याच संथ सुरात, "कोंडवाडा, चारा. एक रुपया."

मुख्याधिकाऱ्यांनी मान वर केली. "काका, कोंडवाडा आहे कुठं?"

"न्हाई."

"मग?"

ज्या कामाला पैसे नाहीत पण ज्याचं नाव पुसायचं नाही, त्यासमोर अंदाजपत्रकात एक रुपया लिहून ठेवतात. तशी रीतच आहे. लेखाशीर्ष जिवंत ठेवायचं म्हणतात त्याला. मुख्याधिकाऱ्यांनाही ती माहीत होती. ते हसून म्हणाले, "एक रुपयात कोणता बैल जेवतो काका?"

"जेवत न्हाई साहेब. खर्च मी मागतबी न्हाई." साहेबांनी चष्मा काढला. "नाव हाय तवर पुढच्या सालात कुनीतरी इचारतंय, हे काय होतं, कुठं गेलं. नाव काडलं की इचारनारंबी कोन ऱ्हात न्हाई."

मुख्याधिकारी वाईट माणूस नव्हते, मी आधी म्हटलंच आहे. पण वरून तपासणी होणार होती, नसलेल्या कोंडवाड्याचा चारा दाखवला असता तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "काढा ते."

साहेबांनी स्वतःच्या पेनानं ती ओळ खोडली, शेजारी सही केली, बेरीज दुरुस्त केली आणि पुढं वाचलं. अंदाजपत्रक एका रुपयानं जास्त शिलकी झालं.

ते निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, भाषणं सगळं झालं. भाषणात सगळ्यांनी त्यांच्या काटकसरीचे विनोद सांगितले आणि साहेब सगळ्यांबरोबर हसले. मुलगा येणार होता, त्याला सुट्टी मिळाली नाही. श्रीफळ पिशवीत घालून ते चालत गिरणीकडं गेले.

पावसाळा लांबला होता तेव्हाची गोष्ट. एक दिवस दुपार उतरताना ते कार्यालयात आले. मी वसुलीच्या खिडकीवर होते. ते रांगेत उभे राहिले. मी आत बोलावलं तरी रांग मोडली नाही. पुढं आल्यावर म्हणाले, "ताई, बैल गेला. ट्रॅक्टर पाठवा."

मुकादम तिथंच होती. मेलेलं जनावर उचलायची मालकाला फी पडते, आणि मालक नसेल तर नगरपालिका फुकट उचलते. त्यामुळं आमच्या गावात मेलेल्या जनावराला सहसा मालक नसतोच. ती लगबगीनं म्हणाली, "सायेब, बेवारस लिवू की. तुमी पैशे कशाला घालता? हायच की त्यो बेवारस."

"न्हाई," साहेब म्हणाले. "माझं नाव लिव्हा."

"आवो पर..."

"मालक म्हनून माझं नाव लिव्हा, बाई."

मी लिहिलं. त्यांनी पैसे दिले, पावती घेतली, नीट वाचली. ट्रॅक्टर गिरणीकडं गेला, साहेब मागून चालत गेले, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा आमच्याच पायरीवर येऊन उभे राहिले. शर्टाला माती लागली होती.

मी बाहेर आले. म्हटलं, "साहेब, घरी जा आता. थकला असाल."

"जातो," ते म्हणाले. पण हलले नाहीत. रस्त्याकडं एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं बघितलं. "रोज ह्या वक्ताला मी पेंढ्या आनायला जातो, ताई. आज कुठं जावं ते समजंना."

मी आतून खुर्ची आणून दिली, आणि कार्यालय बंद होईपर्यंत ते तिथंच बसून राहिले.